राखण की शिकवण?

(कोरेगाव तालुक्यातील एका गावी पालक, अंगणवाडीच्या ताई व बारावी झालेल्या मुली यांच्या बैठकीत एका प्राथमिक शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



घेवडा काढणीला आला असता आणि आल्याच्या रानात पाणी धरायचे असता आपण हातचे काम टाकून येथे येऊन बसलात, तेव्हा पाल्हाळ न लावता आम्ही मुद्द्यालाच हात घालतो. दरसाल बारावीचा निकाल लागला की एखादा बाप मुलीला घेऊन आमच्याकडे येतो आणि म्हणतो, "गुरुजी, हिला मार्क काय बरं पडलं न्हाईत. नर्सिंगला लागायची न्हाई. मग ल्हान पोरं शिकवायचा एखादा कोर्स तरी करू दे म्हणतो." या बोलण्यात त्या बापाचा वाईट हेतू नसतो. लेकीचे काहीतरी व्हावे एवढीच त्याची तळमळ. परंतु त्याच्या बोलण्यात एक समजूत दडलेली आहे, आणि ती त्या एकट्याची नाही, साऱ्या समाजाची आहे, सरकारचीही आहे. ती अशी की, जिला दुसरे काही जमत नाही तिने लहान मुले शिकवावीत. दहावीला शिकविणारा तो मोठा मास्तर, पहिलीला शिकविणारा तो लहान मास्तर, आणि अंगणवाडीची ताई तर मास्तरच नव्हे. ती पोरे राखणारी बाई!

हा उलटा हिशेब आपण शेतात कधी करीत नाही. कांद्याचे रोप टाकायचे असते तेव्हा वाफ्यावर घरातले जाणते माणूस बसते. बी किती दाट टाकायचे, पाणी कसे सोडायचे, ऊन चढले तर काय करायचे, हे नवख्या गड्यावर कोणी सोपवीत नाही. लावण झाल्यावर खुरपायला मग कोणीही चालते. रोपच बिघडले तर पुढे खताच्या गोण्या रिचवून उपयोग नाही, हे तुम्हांला सांगायला कृषिखात्याचा साहेब लागत नाही. मग घरातल्या रोपांची गोष्ट निघाली की ही अक्कल कोठे गहाण पडते?

आता या विषयाच्या अभ्यासकांनी काय पाहून ठेवले आहे ते थोडक्यात सांगतो. मूल जन्मते तेव्हा त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे चौथाईएवढा असतो. तीन वर्षांचे होईतो तो शेकडा ८० पर्यंत आणि पाच वर्षांचे होईतो शेकडा ९० पर्यंत वाढतो. म्हणजे पहिलीच्या वर्गात पोर आमच्या हाती येते तेव्हा रुपयातले चौदा आणे खर्ची पडून गेलेले असतात. हा हिशेब आकाराचा आहे, अकलेचा नव्हे. अक्कल पुढेही येत राहते. नाहीतर आमच्यासारख्यांची धडगत नव्हती. तरी पाया भरण्याचे दिवस कोणते, हे यावरून दिसते.

याच दिवसांत आपण करतो काय? तीन वर्षांच्या पोराच्या हाती पाटी देतो आणि "अ काढ" म्हणून त्याच्या मानगुटीस बसतो. मनगटात आठ बारीक हाडे असतात. जन्मताना ती हाडे नसतातच. त्या जागी मऊ कुर्चा असतो. त्याची एकेक करून हाडे बनत जातात आणि शेवटचे हाड घट्ट व्हायला मूल दहा-बारा वर्षांचे व्हावे लागते. येथे सुतारबंधू बसले आहेत. ओल्या लाकडाची चौकट तुम्ही कराल काय? केली तर ती पिळते, आणि दोष लाकडाला देता येत नाही. तेच पोर बेंदराला मातीचे बैल करते, चिंचोके वेचते, दोऱ्यात फुले ओवते, आईने टाकलेल्या पिठाच्या गोळ्याची वेडीवाकडी चपाती लाटते, तेव्हा ते लिहिण्याचीच तयारी करीत असते. बोटे तयार झाली म्हणजे अक्षर फार कष्ट न पडता येते. परंतु आपण मातीचे बैल हातातून काढून घेतो आणि पाटी देतो, आणि वर म्हणतो की पोराचे अभ्यासात लक्ष नाही.

दुसरी गोष्ट गणिताची. आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचे दहा दाणे घ्या. पाच-पाचच्या दोन रांगा समोरासमोर लावा. चार वर्षांच्या मुलाला विचारा, कोणत्या रांगेत जास्त? ते म्हणेल, सारखेच. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका रांगेतले दाणे लांब-लांब सरकवा आणि पुन्हा विचारा. बहुतेक मुले लांब रांगेकडे बोट दाखवतील. एक दाणाही वाढला नाही, तरी त्याला जास्त दिसतात! हे मूल बिनडोक आहे काय? मुळीच नाही. झां पियाजे (१८९६ ते १९८०) या नावाच्या स्वित्झर्लंडच्या विद्वानाने मुलांपुढे बसून, त्यांना असेच प्रश्न विचारून दाखवून दिले की, लहान मुलाची विचार करण्याची रीतच निराळी असते. ते कमी पडलेले मोठे माणूस नव्हे. आम्ही हा घेवड्याचा प्रयोग आमच्या गावच्या मुलांवर पुष्कळदा केला आहे, आणि साधारण सहा-सात वर्षांचे मूल मात्र हसून म्हणते, "गुरुजी, तेवढंच हायती की!" मधल्या काळात त्याने दाणे हाताळलेले असतात, वाटलेले असतात, भावंडाशी वाटणीवरून भांडलेले असते. शंभरपर्यंतचे आकडे घडाघडा म्हणणाऱ्या चार वर्षांच्या पोराचे आपण पाहुण्यांपुढे कौतुक करतो. त्याला सात शेंगा आणायला सांगून पाहा, म्हणजे कळेल की ते आकडे म्हणत नव्हते, गाणे म्हणत होते.

आणखी एक, आणि ही फार निकडीची. दोन वर्षांचे होऊन गेलेले मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, "आई पानी" एवढेही म्हणत नसेल, तर घरात काय म्हणतात? "बापावर गेलंय, तोही उशिराच बोलला होता." जिने या विद्येचे शिक्षण घेतले आहे ती बाई मुलाच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवते, ते वळते की नाही हे पाहते, आणि वळो न वळो, त्याचे कान डॉक्टरकडून तपासून घ्या म्हणते. ऐकू येत नसेल तर पहिली दोन-तीन वर्षे म्हणजे बोलणे शिकण्याची मोलाची वर्षे. ती हातची गेली तर पुढे यंत्र बसवूनही फार झगडावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावयाचे असते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि पथकापुढे कोणते मूल आधी न्यायचे हे ओळखणारी नजर ताईपाशी असली पाहिजे. ही नजर जन्मजात नसते, शिकावी लागते. चार लेकरे वाढविलेल्या आईलाही ती आपोआप येत नाही. कारण तिने चारच पाहिलेली असतात, आणि चारही आपलीच.

आता बोलीविषयी. आमच्या वर्गात पोर येते आणि म्हणते, "मी काल आलो न्हाय." ताबडतोब कोणीतरी त्याला हटकते, "न्हाय काय? नाही म्हण!" पोर गप्प होते, मग वर्षभर गप्पच राहते. वास्तविक त्या पोराने व्याकरणाची एकही चूक केलेली नसते. कर्ता, क्रियापद, काळ सारे जागच्या जागी असते. शाळेत येण्याआधीच आईच्या मांडीवर ते एक अख्खी भाषा शिकून आलेले असते, आणि आपण पहिल्याच दिवशी त्याला सांगतो की तुझी भाषा वाईट, म्हणजे तुझी आई अडाणी. आपल्या शेजारच्या फलटणला मॅक्सीन बर्नसन नावाच्या बाई अमेरिकेतून आल्या. फलटणच्या लोकांच्या बोलीचा अभ्यास करून १९७३ साली त्यांनी तिकडच्या विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळविली, पुढे हिंदुस्थानच्या नागरिक झाल्या आणि फलटणातच राहून १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा काढली. परमुलखातील विदुषीला आपली बोली अभ्यासण्याजोगी वाटली, आणि आपल्याच पोरांना ती बोलण्याची चोरी!

कोणी म्हणेल, हे सारे नवे फॅड आहे, आपल्या वडिलांना कोणी असे शिकविले होते? बंधूंनो, हे नवे नाही, आणि परकेही नाही. जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण. येथून काही दूर नाही, शेजारच्या खटाव तालुक्यात. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, तेही आपल्याच सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी नुसती शाळा चालविली नाही. शिकवायचे कसे याचे शिक्षण त्यांनी स्वतः घेतले होते, ही गोष्ट त्यांच्या पुतळ्याला हार घालताना आपण विसरतो. पुढे १८८२ साली हंटर साहेबाच्या शिक्षण कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिले. त्यात मागणी काय होती? प्राथमिक शाळांचे मास्तर हे शिकवून तयार केलेले असावेत, होता होईल तो शेतकरी वर्गातले असावेत, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला लाज न वाटणारे असावेत, आणि त्यांना पगार बरा असावा. म्हणजे मास्तराचे शिक्षण, मास्तराचा समाज आणि मास्तराचा पगार या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात मांडल्या होत्या. भाऊराव पाटलांनी तीच नस पकडली. वसतिगृहे आणि शाळा काढून ते थांबले नाहीत. १९३५ साली साताऱ्यात त्यांनी खेड्यातल्या शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. रयतेच्या मुलाला रयतेतला आणि शिकून तयार झालेला मास्तर मिळावा, ही त्यामागची धडपड.

परंतु ही सारी धडपड सहा वर्षांच्या पुढील मुलांची होती. त्याखालचे मूल कोणाच्याच खातेवहीत नव्हते. ते आईच्या पाठीवर, बांधावरच्या झोळीत किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर. आणि ती थोरली बहीण त्यापायी शाळेबाहेर!

तिकडे युरोपातही गोष्ट राखणीपासूनच सुरू झाली. रोम शहरात सान लोरेन्झो नावाची मजुरांची वस्ती. आईबाप दिवसभर कामावर, आणि मागे पोरे जिने-भिंती खराब करीत हिंडत. इमारतींच्या मालकांना पोरांपेक्षा भिंतींची काळजी. म्हणून पोरांवर नजर ठेवायला त्यांनी एक जागा दिली. १९०७ सालच्या जानेवारीत मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी तेथे बालगृह उघडले. मालकांना हवी होती राखण. बाईंनी केली शिकवण. आधी त्या मुले काय करतात ते पाहत बसल्या, मग त्याप्रमाणे साधने बनविली. गमत पाहा! जी पद्धत मजुरांच्या पोरांसाठी निघाली, तिचेच नाव पाटीवर रंगवून आज शहरोशहरी श्रीमंतांकडून हजारोंची फी घेतली जाते.

आपल्याकडे ती विद्या पुन्हा गरिबाच्या दारी आणली ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी काम केले, मुंबईत दादरला शिशुविहार चालविला. तेथे सुखाने राहत्या तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु वयाच्या पन्नाशीनंतर, १९४५ साली, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, वर्षाच्या आत वैधव्य, तरी शिकून शिक्षिका झालेली ही बाई. बोर्डीला बालवाडी थाटली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. आईबाप कामावर, पोरांच्या अंगावर कपडा नाही, आणि गावाच्या चांगल्या जागी पाऊल टाकायची पिढ्यान्‌पिढ्यांची भीती. तेव्हा या बाई काय म्हणाव्यात? मुले बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ. अंगण झाडले, मुलांना अंघोळी घातल्या, गाणी म्हटली, शिंपले-खडे-पाने-बिया घेऊन मोजणी शिकविली. ती अंगणवाडी! पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र करून विकासवाडी झाली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा भरली. आणि नुसती मुले शिकविली नाहीत, बालसेविका शिकवून तयार केल्या. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. कोणी विचारील की, त्या कोणत्या जातीच्या? आम्ही माणसाचे घर पाहत नाही, त्याने कोणाचे अंगण झाडले ते पाहतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हेच नाव देशभर गेले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. नाव गेले, खिचडी गेली, वजनकाटा गेला. बाईंची विद्या मात्र वाटेत कोठे तरी सांडली. ताईच्या गळ्यात सहा कामे बांधली आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या दवाखान्यात पाठविणे, आयांना आहाराची माहिती देणे, आणि सहावे मुलांना शिकविणे. त्याखेरीज मोबाइलात माहिती भरायची ती निराळीच. वरचा साहेब येतो तो वजनाचे आकडे विचारतो, आहाराचा हिशेब विचारतो. "आज मुलांना कोणती गोष्ट सांगितली?" असे विचारणारा साहेब आम्ही तरी अजून पाहिलेला नाही. मग दिवसाच्या कामात मागे काय पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तिला मिळते त्याचे नाव मानधन. त्यात मान किती व धन किती हे येथे बसलेल्या ताईंना विचारा. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. गावोगाव काय बोलले गेले ते आम्ही ऐकले आहे: "खिचडी बंद पडली." शिकवण बंद पडली असे कोणी म्हणाले नाही! एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. कोर्टाला जे दिसले ते गावाला केव्हा दिसणार?

शिक्षणाच्या बाबतीत २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिले आहे की, बारावी झालेल्या ताईंना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम द्यावा. चांगले आहे. पण तो काम सांभाळून, पुष्कळसा मोबाइलवर शिकायचा आहे. मोबाइलवर पाहून कोणी नांगर धरायला शिकतो काय? जाणत्या बाईने वर्गात शेजारी बसावे, मुलाने दुसऱ्याला चावा घेतला तर काय करायचे, रडणारे मूल आठ दिवस रडत राहिले तर काय करायचे, हे हाताला धरून दाखवावे, तेव्हा ही विद्या येते. असे होऊ शकते याला लांबचा दाखला नको. शेजारच्या सातारा तालुक्यात कुमठे बीटातील जिल्हा परिषदेच्या शाळांनी हे करून दाखविले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांबरोबर बसून काम केले. फरशीवर तक्ते रंगविले, खडे-काड्यांचे गठ्ठे केले, मुलांना हाताने शिकू दिले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. मास्तर तेच, पोरे तीच, इमारतीही त्याच होत्या.

आता खाजगी बालवर्गाविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. ऊस गेला, बिल आले की प्रथम ट्रॅक्टरचा हप्ता आणि मग पोराच्या के.जी.ची फी. गळ्यात टाय, पायात बूट, पिवळी गाडी दारात. फी भरायला आमची हरकत नाही. पैसा तुमच्या घामाचा आहे. एवढेच करा की, फी भरण्याआधी विचारा: शिकविणाऱ्या बाईने लहान मुलांच्या शिक्षणाचा कोणता अभ्यास केला आहे? एका वर्गात मुले किती? मुले दिवसातून किती वेळ खेळतात? आणि तुमच्या सुनेइतकीच शिकलेली, महिना चार-पाच हजारांवर राबणारी मुलगी तेथे उभी असली, तर तिला दोष देऊ नका. फी कोठे मुरते ते संस्थेच्या चालकाला विचारा. बैल घेताना दात पाहतो, बाजारात चार फेऱ्या मारतो. येथे मात्र इंग्रजी पाटी पाहून मुकाट पैसे मोजतो!

ज्या मुली बारावी होऊन येथे बसल्या आहेत त्यांना आमचे सांगणे निराळे आहे. मार्क कमी पडले म्हणून या वाटेला येऊ नका. तीस मुलांकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे, प्रत्येकाची बोली समजणे, शरीर, आजार, आहार, खेळ, गाणी, गोष्टी यांची माहिती असणे, आणि रोज रात्री वहीत उद्याचे काम लिहून ठेवणे, हे ज्यांना जमेल असे वाटते त्यांनी यावे. आम्ही स्वतः अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली. बालमानसशास्त्राचा पेपर होता, पण पाठ घ्यायचे ते पहिलीच्या वरच्या वर्गांवर. तीन वर्षांचे मूल आम्हांला पुस्तकातही जेमतेम भेटले. तुम्ही अभ्यासक्रम निवडाल तेव्हा पाहा की, खऱ्या बालवाडीत किती दिवस काम करायला मिळते. भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा ते दिवस मोजा.

आणि गावकऱ्यांनो, तुमच्याकडेही काम आहे. दसऱ्यानंतर कारखाने सुरू होतील आणि बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या फडात येतील. कोप्यांपाशी चिखलात बसलेली तीन-चार वर्षांची पोरे आपण दरसाल पाहतो. ती आपल्या गावची नाहीत म्हणून अंगणवाडीच्या यादीत नसतात. बोर्डीच्या बाईंनी कोणाचे अंगण आधी झाडले असते? पोलीसपाटील व मुकादम यांनी मनावर घेतले तर पहिल्या आठवड्यातच त्यांची नावे ताईकडे देता येतील. परगावचे मूल म्हणून ताईने नाकारण्याचे कारण नाही.

साधनांचे म्हणाल तर माँटेसरीबाईंचा मनोरा म्हणजे लाकडाचे दहा चौकोनी ठोकळे. सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा, मधले एकेक सेंटिमीटरने वाढते. दुकानात तो काही शे-हजारांना मिळतो. आपल्या सुतारमेटावर चौकटीच्या उरलेल्या तुकड्यांतून तो एका दुपारी होईल. कडा मात्र घासून गुळगुळीत पाहिजेत. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांच्या बाहुल्या होतील, कुंभारवाड्यातून मळलेल्या मातीची पाटी आठवड्याला एक आली तर मुलांना दुसरे काही नको. याची मजुरी फुकट मागू नये, कारागिराला दाम द्यावा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील शेकडा १० रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. येत्या ग्रामसभेत ती गेल्या साली कशावर खर्च झाली हे आम्ही विचारणार आहोत, आणि ठोकळे, चटया व माती एवढ्या तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहोत. सूचक आम्ही आहोत; अनुमोदनाला एखादी आई उभी राहिली तर बरे, तेव्हा जिची तयारी असेल तिने सभा उठल्यावर नाव सांगून जावे.